आईला व्हीलचेअर नको होती

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त मावशीचं. कराडची माझी धाकटी मावशी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, आणि तेही एकदम डॅलसपर्यंत! लेकाकडे. मध्ये एकदा विमान बदलायचं. बरोबर कुणी नाही.

मग काय, घरच्या ग्रुपवर सूचनांचा नुसता पाऊस. पासपोर्ट पर्समध्ये ठेव, पर्स गळ्यात ठेव, कुणाशी बोलू नको, कुणाकडून काही घेऊ नको, झोपू नको, लोणचं नेऊ नको, लोणचं ने पण नीट बांध... वाचून मलाच घाम फुटला. आणि शेवटी मावसभावाचा एका ओळीचा निरोप: "काळजी नको, व्हीलचेअर सांगितलीय."

त्या ओळीनंच मला लिहायला बसवलं. कारण 2012 साली मीही अगदी हेच केलं होतं.

तेव्हा माझं बाळंतपण होतं, न्यू जर्सीला. बाबा गुडघ्यांमुळे यायला तयार नव्हते, म्हणून आई एकटी निघाली. माझी आई म्हणजे साताऱ्यात चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या अर्ध्यापर्यंत चढून येणारी. पण इंग्रजी बोलायची सवय नाही आणि विमानतळ कधी पाहिलेला नाही. सगळे म्हणाले व्हीलचेअर सांग, ते लोक दारापासून दारापर्यंत नेतात. मी तिला न विचारताच सांगून टाकली. तिला कळलं ते मुंबईला, काउंटरवर.

ती बाहेर आली तेव्हा मला वाटलं दमलीय. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. चार दिवसांनी, बाळाला तेल लावता लावता बोलली. मधल्या विमानतळावर तिला आणि अजून सात-आठ जणांना एका कोपऱ्यात नेऊन बसवलं होतं. अडीच तास. उठू नका, असं हातानं खुणावून माणूस गेला तो गेलाच. तिला बाथरूमला जायचं होतं. समोर पाटी दिसत होती, चालता येत होतं, पण उठलं तर खुर्ची जाईल आणि खुर्ची गेली तर विमान जाईल, ही भीती. म्हणून ती पाणीच प्यायली नाही. पुढच्या विमानातही नाही, कारण तिथल्या बाथरूमचं दार कसं उघडतं ते कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली.

"अगं, मला सामानासारखं ठेवलं होतं," एवढंच म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. आणि ते सामान मीच पाठवलं होतं!

तर माझं म्हणणं असं आहे, मंडळी. व्हीलचेअर ही पायांसाठी आहे, भीतीसाठी नाही. भीतीवर उपाय म्हणजे माहिती. आणि माहिती म्हणजे हुकमांची यादी नव्हे. 'हे करू नको' म्हटलं की माणूस अजून घाबरतो. 'हे असं का असतं' सांगितलं की बाकीचं तो स्वतः जुळवतो. आपले आईवडील काही लहान मुलं नाहीत. घरं बांधली, लग्नं लावली, कचेऱ्यांचे खेटे घातले त्यांनी. एक विमान बदलणं त्यांना जमणार नाही असं आपण कशावरून ठरवतो?

आता उलट बाजूही सांगते. ज्यांचे गुडघे खरंच दुखतात त्यांनी अजिबात लाजू नये. मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज दीड-दोन किलोमीटर चालणं होतं. माझे सासरे 'मी काय म्हातारा झालो?' म्हणून हट्टानं चालले आणि नंतर आठवडाभर पाय धरून बसले. मागताना नेमकं काय हवं तेही सांगता येतं: फक्त लांब चालवत नाही, की जिनाही चढवत नाही, की अगदी सीटपर्यंत न्यायला हवं. तिन्ही प्रकार वेगळे असतात. आणि अमेरिकेच्या विमानांत 1986 च्या कायद्यानुसार ही मदत फुकट द्यावीच लागते, तेव्हा उपकार वगैरे नाहीत. पण आपल्याकडून सुटणाऱ्या विमानांना खुर्च्यांची केवढी रांग असते ते तुम्हीही पाहिलं असेल. ठणठणीत माणसं रांग वाचते म्हणून बसतात आणि ज्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय तो आजोबा उभा राहतो. हे काही बरं नाही.

मावशी, आता तुझ्यासाठी. यादी नाही, फक्त कारणं सांगते.

पाणी पी. विमानातली हवा फार कोरडी असते, ओलावा बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली. आणि आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास आहे, त्यावरून कल्पना कर. म्हणून घसा सुकतो, डोकं जड होतं, पोट फुगल्यासारखं वाटतं. आजारी पडलीस असं समजू नकोस. कान दडे बसले तर गोळी चघळ, आवंढा गीळ. तासा-दीड तासानं उठून एक चक्कर मार, बसल्या बसल्या पावलं वरखाली कर. बराच वेळ पाय लोंबकळत राहिले की रक्त साकळायचा धोका असतो. तुला शिरा फुगण्याचा त्रास आहे, तेव्हा पायमोजांचं डॉक्टरांना विचारूनच निघ.

बाथरूम. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. दार बहुतेक वेळा मधोमध दुमडतं, दुमड असते तिथे ढकलायचं. आत गेल्यावर कडी सरकवली की मोठा दिवा लागतो. तोवर अंधुकच असतं, घाबरायचं नाही. पाण्याचा डबा-मग नसतो, कागद असतो. म्हणून एक छोटी रिकामी बाटली जवळ ठेव, आतल्या नळावर भरून घे. आणि पाणी सोडल्यावर मोठ्ठा आवाज होतो, कारण तिथे पाण्याऐवजी हवेनं ओढून घेतात. आईला हे आधी सांगितलं असतं तर ती पाणी प्यायली असती.

जेवण. नुसतं 'शाकाहारी' सांगितलं की कधी कधी दूध-दही नसलेलं उकडलेलं काहीतरी समोर येतं. 'एशियन व्हेजिटेरियन' असं म्हणावं लागतं, आणि तेही निदान चोवीस तास आधी. ते पोराला करू दे. तू मात्र दशम्या आणि कोरडी चटणी जवळ ठेव.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, पाकिटासकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मोठी बॅग एखादा दिवस मागे राहू शकते म्हणून. इन्सुलिन तर खालच्या सामानात कधीच नाही, तिथे ते गोठून वाया जाऊ शकतं. आणि साखरेची गोळी कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचार. डॅलस आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तुझा तो दिवस चांगलाच लांबणार. पॉवरबँकही हातातच. ती पेटली तर माणसांच्या समोर पेटावी, कुणाचं लक्ष नसलेल्या सामानात नको, एवढं साधं कारण आहे.

कढीपत्ता नको गं! तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्यावर राहणारी एक कीड संत्र्याच्या बागांना रोग लावते, म्हणून तिकडे मज्जाव. ताजी फळं, भाज्याही नाहीत. सुकं खोबरं भारतातच अडतं, 2022 पासून ते मोठ्या बॅगेत चालत नाही, कारण त्यातलं तेल पेट घेऊ शकतं. लाडू, चकल्या, मसाले खुशाल ने. फक्त 'खायचं काही आणलंय का?' असं विचारलं तर 'हो' म्हण. हो म्हटलं तर फार तर एखादी पुडी काढून घेतील. नाही म्हटलं आणि सापडलं, तर दंड.

अमेरिकेत शिरताना अधिकारी विचारतो: कशाला आलात, कुठे राहणार, किती दिवस. मुलाचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेव, मोबाइलवर नको, त्याची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. जे खरं तेच, थोडक्यात. इंग्रजी येत नसेल तर 'नो इंग्लिश, मराठी' म्हण, ते दुभाष्याची सोय करू शकतात. आणि व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायचं किती ते त्या दिवशी तिथे ठरतं. तारखेची नोंद पोराला लगेच बघायला सांग.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात, एक आत बसायची आणि एक सुटायची. आपण पहिली धरायची, कारण सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच दार बंद होतं. आणि छापलेलं गेट बदलू शकतं. म्हणून मधल्या विमानतळावर उतरलीस की आधी मोठा फलक शोध आणि आपल्या विमानाचा नंबर बघ. साताऱ्याच्या स्टँडवर फलाट बघतेस तसंच. दर अर्ध्या तासानं परत बघ. न कळल्यास गणवेशातल्या कुणालाही पास दाखव आणि भुवया उंचाव. भाषा लागत नाही.

'एवढं समजावत बसायला वेळ कुणाला आहे?' असं मावसभाऊ म्हणेल. बाबा रे, दोन संध्याकाळी लागतात. मी आईच्या परतीच्या वेळी तेवढ्याच दिल्या. बाळ मांडीवर आणि टेबलावर कागद. विमानतळाचं चित्र काढलं: इथे उतरशील, इथे फलक, इथे बाथरूम, इथे परत तपासणी. ती शाळेत मुलांना विचारायची तसे तिनं मला प्रश्न विचारले. "आणि फलकावर आपलं विमानच नसलं तर?" याचं उत्तर मलाही नीट माहीत नव्हतं, शोधावं लागलं. (फार आधी पोचलं तर फलकावर यायला वेळ लागतो, एवढंच!)

निघताना काउंटरवर तिनं स्वतःच सांगितलं, "नो व्हीलचेअर." मी मागे उभी. पोटात गोळा. ती काचेपलीकडे गेली, एकदा वळून हात केला आणि पाट्या वाचत चालू लागली. पुढचे वीस-बावीस तास मी झोपले नाही, हे कबूल करते. मग फोन आला, मुंबईहून.

"पोचले गं. मध्ये गेट बदललं होतं. मी वाचलं."

माझ्या पहिल्या नोकरीची बातमी दिली तेव्हा तिचा आवाज जसा लागला होता, तसाच तेव्हा लागला.

तर मावशी, खुर्ची घ्यायची की नाही ते तू ठरव. तुझे पाय, तुझा निर्णय. फक्त कुणीतरी तुला विचारायला हवं होतं, म्हणून मी विचारतेय. रविवारी संध्याकाळी फोन करते. कागद-पेन्सिल घेऊन बस.