ऊर्जासंहिता भिंतीत उतरावी

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जासंहिता २००७ मध्ये आली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणले. तरीही महानगरांत पश्चिमेचे ऊन थेट झेलणाऱ्या काचेच्या भिंती उभ्या राहतच आहेत. कारण उघड आहे. संहिता केंद्र रचते, राज्य ती अधिसूचित करते आणि बांधकाम परवाना महापालिका देते. या तीन पायऱ्यांवर उत्तरदायित्व विरून जाते.

काचेतून शिरलेली उष्णता यंत्राने बाहेर फेकावी लागते. तिचे वीजदेयक रहिवासी भरतो, तिची झळ शेजारची वस्ती सोसते आणि बांधणारा विक्रीनंतर मोकळा होतो. बाजार ही विसंगती आपणहून दूर करणार नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छताचे धोरण आणून सरकारी व व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केले. ही दिशा योग्य आहे.

आता भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी भिंती, छत व खिडक्यांची संहितेनुसार तपासणी सर्वत्र अनिवार्य व्हावी आणि त्यासाठी महापालिकांना प्रशिक्षित अभियंते मिळावेत. इमारत अनेक दशके उभी राहते. आज केलेल्या डोळेझाकीची किंमत पुढची पिढी मोजेल.