‘एवढंसं तर यंत्र आहे, डॉक्टर!’

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतला माळी डाव्या हाताला टॉवेल गुंडाळून आमच्या अपघात विभागात आला. ऑनलाइन मागवलेल्या बॅटरीवरच्या छोट्या चेनसॉने गुलमोहराची फांदी कापत होता. उजव्या हातात करवत, डाव्या हातात फांदी. फांदी सुटली आणि साखळी दोन बोटांवरून गेली. सोबतचे सेक्रेटरी पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘एवढंसं तर यंत्र आहे, डॉक्टर!’

धोका या ‘एवढंसं’मध्येच आहे. पेट्रोलच्या करवतीचा आवाज आणि धूर माणसाला सावध करतात. बॅटरीची करवत बटण दाबताच चालते, म्हणून ती ड्रिल मशीनसारखी घरगुती वाटते. पण तिची साखळी सेकंदाला कित्येक मीटर धावते. सुरीने झालेली जखम सरळ असते, शिवता येते. साखळीचे दात मात्र कातडी, स्नायूंचे दोर, नस आणि रक्तवाहिनी एकत्रच ओरबाडतात, वर भुसा आणि तेल आत ढकलतात. अशा हाताची पूर्वीची पकड परत येईलच याची खात्री कोणताही सर्जन देत नाही. माळ्याचे तर पोटच त्या पकडीवर चालते.

दुसरा धोका करवत उसळण्याचा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला की करवत क्षणार्धात मागे, चेहऱ्याच्या आणि गळ्याच्या दिशेने येते. आपण सावरण्याआधीच घाव बसलेला असतो. म्हणून करवत दोन्ही हातांनी, अंगठा मुठीभोवती घेऊन धरावी. खांद्याच्या वर उचलू नये, शिडीवर चढून तर कधीच चालवू नये. पात्याच्या रेषेत न राहता किंचित बाजूला उभे राहावे. एका हाताने चालवायच्या छोट्या करवतीत दुसरा हात कापाच्या जवळपासही नको. साखळी साफ करताना किंवा अडकलेला भुसा काढताना आधी बॅटरी काढून ठेवावी. नुसते बटण सोडणे पुरेसे नाही. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, बंद बूट हवेतच. गळ्यात उपरणे, ओढणी नको. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर हात न लावता महावितरणला कळवावे.

एवढे करूनही अपघात झालाच, तर पहिले उपचार सोसायटीच्या आवारातच व्हायला हवेत. कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यातली वाहतूक कशी असते हे वेगळे सांगायला नको. मांडीची मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जातो. १०८ ला फोन करा, पण दुसऱ्याने; पहिल्याने स्वच्छ कापड जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरावे आणि सारखे उचलून पाहू नये. हातापायाचा रक्तस्राव दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून बांधावी आणि वेळ लिहून ठेवावी. हळद, कॉफी काही भरू नये. बोट तुटले असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

झाड तोडायला वा छाटायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. परवानगी झाडाचे रक्षण करते. करवत हातात घेणाऱ्या माणसाचे रक्षण मात्र कोणी करायचे? ज्या सोसायटीने यंत्र विकत घेतले, तिनेच. हेल्मेट आणि प्रशिक्षणासाठी बजेट नसेल, तर करवतीसाठीही नसावे. बारीक फांद्यांना साधी हातकरवत पुरते, मोठ्यांसाठी प्रशिक्षित माणसे बोलवावीत. फांदी चार दिवस थांबू शकते. गेलेले बोट नंतर मिळत नाही.