हात उगारण्याची मुभा

जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी जोडप्याला तिथे आधीपासून राहणारी मराठी मंडळी पहिल्या आठवड्यातच काही गोष्टी बजावून ठेवतात. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा, रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही आणि मुलांवर हात उगारायचा नाही. शेजारी तक्रार करतात, बालवाडीतल्या बाई लेकराला विचारतात, मग सरकारी माणूस दारात उभा राहतो. जोडपे हे सगळे निमूटपणे पाळते. घरात आजी नाही, हाताखाली बाई नाही, हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो, आणि दोन खोल्यांत दिवसभर कोंडलेले अडीच वर्षांचे पोर जमिनीवर लोळण घेऊन तासभर भोकाड पसरते. तरी आईबापांचा हात खालीच राहतो. काही घरांत खिडक्या लावून घेऊन तो उठतो, हे मला ठाऊक आहे. पण पुष्कळ घरांत खरोखरच उठत नाही.

मग हेच जोडपे सुट्टीत पुण्याला नाहीतर नाशिकला येते. इथे घर माणसांनी भरलेले, मूल घ्यायला दहा हात तयार, स्वयंपाकाची काळजी नाही. आणि त्याच पोराने तसाच हट्ट धरला की चार दिवसांच्या आत त्याच्या पाठीत पहिला धपाटा बसतो. घरातले कोणीतरी म्हणते, "बरं झालं. तिकडे फार लाडावून ठेवलाय."

मुलांना मारण्याबद्दल आपण आजवर जेवढ्या सबबी सांगत आलो, त्या सगळ्यांचा निकाल या एका धपाट्याने लागतो. राग अनावर होतो म्हणून मारतो, असे आपण म्हणतो. तो परदेशात बरा आवरला. थकलेले असतो म्हणून मारतो, म्हणतो. थकवा तर तिकडे दुप्पट होता. मारल्याशिवाय हे मूल ऐकतच नाही, म्हणतो. तिकडे वर्षभर त्याला समजावले, उचलून दुसरीकडे नेले, रडू दिले, वाट पाहिली, आणि ते वाढले. पोर बदलले नाही, आईबाप बदलले नाहीत. विमानातून उतरल्यावर बदलली ती फक्त मुभा. आपण मुलांना मारतो, कारण इथे मारता येते.

हे कबूल करायला जड जाते, कारण त्यापाठोपाठ दुसरी गोष्टही कबूल करावी लागते. साहेब चारचौघांत वाटेल ते बोलला तरी आपला हात खिशातच राहतो. लोकलच्या डब्यात धटिंगणाने धक्का मारला तरी आपण सरकून घेतो. राग तिथेही येतो आणि तो गिळण्याची ताकदही आपल्यात असते. ती ताकद संपते नेमकी घरी, ज्याची उंची आपल्या गुडघ्याएवढी आहे त्याच्यासमोर. जो उलटून मारणार नाही, घर सोडून जाणार नाही, कुणाकडे दाद मागणार नाही आणि तासाभराने पुन्हा आपल्याच कुशीत येऊन झोपणार आहे, त्यालाच आपण मारतो. ज्या समाजाने माणसामाणसांत पायऱ्या पाडल्या आणि प्रत्येकाला आपल्या खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याला दडपायला शिकवले, त्याने घरातली शेवटची पायरी लेकराला दिली आहे.

हे थोडक्या घरांत चालते, असे कुणी समजू नये. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत पाहणी करून २००७ साली अहवाल काढला. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचे, शारीरिक छळ सोसल्याचे सांगितले. कुटुंबात असे सोसलेल्या मुलांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे त्यांचेच आईवडील होते. हा अहवाल आला आणि कपाटात गेला. त्यावर ना मोर्चा निघाला, ना कुठल्या सार्वजनिक उत्सवाच्या व्याख्यानमालेत कुणाला त्यावर बोलावेसे वाटले.

या माराची सगळ्यात ठरलेली वेळ संध्याकाळची असते, अभ्यासाची. साडेतीन-चार वर्षांचे मूल. शाळेने वही दिली आहे, तिच्यात इंग्रजी अक्षरे चार रेघांत बसवायची आहेत. त्याच्या बोटांत अजून पेन्सिल धरण्याची ताकद आलेली नाही. 'बी' लिहायला सांगितले की ते 'डी' लिहिते. या वयात ते बहुतेक मुलांचे होते आणि आपोआप सुटते. पहिल्या चुकीला आई खोडरबराने पुसते. तिसऱ्या चुकीला आवाज चढतो. पाचव्या चुकीला पट्टी बोटांवर येते. मूल रडत रडत लिहिते, डोळ्यांतल्या पाण्याने अक्षर फिसकटते, आणि मग फिसकटल्याबद्दल दुसरी पट्टी. शेजारच्या खोलीत बाप बातम्या ऐकत असतो. त्याला सगळे ऐकू येते. एवढे होऊन त्या मुलाला त्या संध्याकाळी 'बी' आलेला नसतो. वही दिसली की पोटात गोळा येतो, एवढे मात्र पक्के झालेले असते.

ज्या महाराष्ट्रात ही पट्टी चालते, त्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणासाठी आयुष्य वेचले. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. गिजुभाईंच्या भावनगरच्या बालमंदिरात भीती आणि मार या दोन्हींना बंदी होती. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. ज्या वारली मुलांना कोणी शाळेचा उंबरठा दाखवला नव्हता, त्यांच्या अंगणात जाऊन या बायांनी पाने, बिया, शंख, दगड घेऊन शाळा भरवली. मूल गुरे राखायला गेले तर शाळा त्याच्यामागे कुरणात गेली. ते आले नाही म्हणून त्याला कोणी फरफटत आणले नाही. 'अंगणवाडी' हे नाव साऱ्या देशाने उचलले ते इथून. त्यांच्या नावाचे पुरस्कार आपण देतो, त्यांच्या पुण्यतिथीला हार घालतो, आणि घरी जाऊन साडेतीन वर्षांच्या पोराला 'बी'साठी पट्टी मारतो.

संस्कृतीचा दाखला देणारे लगेच पुढे येतात. पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे ताडन, सोळाव्या वर्षी मित्र, असे सांगणारे सुभाषित त्यांना पाठ असते. त्या सुभाषितालाही पाच वर्षांखालच्या लेकराला मारणे मान्य नाही, हे मात्र ते विसरतात. कोणी 'श्यामची आई' काढते, त्यातली पोहायला न जाणाऱ्या श्यामला मारणारी आई काढते. साने गुरुजींच्या त्या पुस्तकात शेकडो पाने प्रेमाची आहेत. एका आईने पोराला कसे जवळ घेतले, कसे समजावले, झाडापाखरांवर माया करायला कसे शिकवले, हे त्यात आहे. त्या सगळ्यातून आपण उचलली ती शिंपटी.

आणि मग येते शेवटची ढाल: हा आमच्या घरातला मामला आहे. महाराष्ट्राने ही ढाल पूर्वीही पाहिली आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या शरीरसंबंधाचे वय दहावरून बारावर आणले गेले, तेव्हा परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात हात घालू नये, असे म्हणत केवढा गदारोळ उठला होता. टिळकांसारखा लोकनेता विरोधात होता. आगरकर आपल्या 'सुधारक' पत्रातून कायद्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या. बायकोला मारणे हाही कालपरवापर्यंत घरातलाच मामला होता. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. दुबळ्याच्या अंगावरचा वळ जेव्हा जेव्हा चव्हाट्यावर आला, तेव्हा तेव्हा या समाजाने आधी दार लावून घेतले.

स्वीडनची माणसे उपजत शहाणी नव्हती. तिथेही बापाच्या हातात छडी होती, शाळेत छडी होती, चर्चचा आशीर्वादही होता. १९७८ मध्ये फ्रँकफर्टला पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार स्वीकारताना बालसाहित्यिक आस्त्रिद लिंडग्रेन यांनी एका आईची गोष्ट सांगितली. मुलाला एकदा तरी मार दिलाच पाहिजे असे वाटून तिने त्यालाच बाहेरून छडी शोधून आणायला पाठवले. पोर बऱ्याच वेळाने रडत परत आले. छडी मिळाली नव्हती, म्हणून त्याने हातात दगड आणला होता. आई मला दुखवायचेच म्हणते, तर ते दगडानेही होईल, असा त्याचा हिशेब होता. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, मुलांना घरातही मारायला बंदी करणारा स्वीडन हा जगातला पहिला देश झाला. त्या बंदीच्या कलमात आईबापांना शिक्षा ठेवलेली नव्हती. सरकारने दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, मुले असलेल्या घराघरांत पुस्तिका पाठवली, बाहेरून आलेल्यांसाठी तिचे भाषांतर केले. सकाळी न्याहारीच्या टेबलावर आई, बाप आणि मूल तिघांनीही तीच ओळ वाचावी, अशी ती सोय होती. मार न खाता वाढण्याचा हक्क जर्मनीने २००० साली मुलांना दिला. जपानचा कायदा २०२० मध्ये लागू झाला. आपल्या शेजारच्या नेपाळने, आपल्याहून गरीब देशाने, २०१८ मध्येच तो केला.

आपण कुठे आहोत? १९९२ साली आपण बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झालो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतला मार बंद केला, निदान कागदावर. पण शाळेचे फाटक ओलांडून मूल घरी आले की ते संरक्षण संपते. उलट १८६० च्या दंडसंहितेतले ८९ वे कलम, बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला आश्रय देणारे, २०२४ साली लागू झालेल्या न्यायसंहितेत २८ वे कलम होऊन जवळजवळ तसेच आले आहे. गंभीर दुखापत त्यातून वगळली आहे. म्हणजे हाड मोडेपर्यंत सद्हेतू टिकतो. आणि सद्हेतू कोणता बाप सांगणार नाही?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाचे सगळे खापर आयांच्या डोक्यावर फुटेल. दिवसभर मुलाजवळ असते ती आई, म्हणून चापट मारताना दिसते तीही आईच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांची ९७, असे दिसले. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारात एकच होते. बाप बातम्या ऐकत बसतो, पगार आणून देतो आणि "बाबांना येऊ दे, मग बघ" या धमकीत फक्त दहशत म्हणून हजर असतो. मुलाला वाढवण्यात ज्याचा वाटा नाही, त्याला त्याच्या शिस्तीबद्दल बोलण्याचा अधिकार नाही. आईचा हात थांबावा असे ज्या पुरुषाला वाटते, त्याने संध्याकाळी सहा ते नऊ पोर स्वतःकडे घ्यावे.

"आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" हे तर प्रत्येक सभेत ऐकू येते. २०१६ मध्ये पन्नास वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार झाला, दीड लाखाहून अधिक मुलांची माहिती त्यात होती. ज्यांना आपण साध्या चापट्या म्हणतो, त्यांच्याबरोबर मुलांत आक्रमकपणा, मनाच्या तक्रारी आणि आईबापांशी दुरावा वाढलेला दिसला. मूल सुधारल्याची खूण सापडली नाही. पण त्या आकड्यांच्याही आधी एक उत्तर आहे. एसटीत समोरच्या बाकावरची बाई पोराच्या थोबाडीत मारते आणि आपण खिडकीबाहेर बघतो. वरच्या मजल्यावरून किंचाळी येते आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. आपले बिघडले ते हे.

कायदा बदलायला वेळ लागेल आणि त्यासाठी आमदार-खासदारांना पत्रे लिहावी लागतील, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जमणाऱ्या आयांशी आणि मुद्दाम बोलावलेल्या बापांशी बोलावे लागेल. शेजारच्या दारावरची बेल मात्र आजच वाजवता येते. भांडायला जाऊ नये, उपदेश करायला जाऊ नये. साखर मागावी, किल्ली विसरली म्हणावे, काहीही सांगावे; पोराला दहा मिनिटे आपल्याकडे खेळायला घेऊन यावे आणि त्या आईला बसून पाणी पिऊ द्यावे. मार रोजचा असेल, अंगावर वळ दिसत असतील, तर १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे. तो फिरवायला पैसे पडत नाहीत.