मायचे किती घेतले?

मायचा गुडघा दुखत होता. जुन्या शहरातल्या डॉक्टरनं गुडघ्याला हात न लावताच चिठ्ठी दिली : मोर्णेपलीकडं अमुकच ठिकाणी एमआरआय काढा. माय म्हणे, "देवमाणूस हाय, चांगलंच सांगत असन." मी गप्प. या देवाले नैवेद्य कुठून येते, ते मले ठाऊक होतं.

याला म्हणतात कट. नवं हॉस्पिटल उभं राहतं, मशीनचे हप्ते सुरू होतात, पेशंट पाहिजेत. मग पेशंट विकत घेतात. खोकल्याचा भाव कमी, हाडाचा जास्त, काळजाचा त्याहून जास्त. अन् हा पैसा हॉस्पिटलवाला आपल्या खिशातून देत नाही. तो मायच्या बिलात चढतो, तिच्या मजुरीतून वसूल होतो.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी असा १२०० रुपयांचा चेक परत केला, २०१३ साली मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली. कमिशनला २००२ च्या नियमांनीच बंदी आहे. २०१७ साली सरकारनं कायद्याचा मसुदा काढला. तो मसुदाच राहिला.

तेव्हा आता आपणच तोंड उघडायचं. चिठ्ठीवर तपासणी लिहा, दुकानाचं नाव नको. अन् नाव लिहिलंच, तर सांगा डॉक्टर, माझ्या मायचे किती घेतले?