आधी बाहेर पडायला शिकवा!



आमच्या संगणक कक्षात घडलेली गोष्ट सांगतो. नववीतला एक मुलगा विंडोजच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू चालवत होता. मध्येच माऊसचा बाण त्या खिडकीत अडकला, बाहेर येईना. पोरानं घाबरून कंट्रोल, अल्ट, डिलीट दाबलं, तर भलताच स्क्रीन उघडला. शेवटी त्यानं पॉवरचं बटण दाबून धरलं. दोन तासिकांचं काम गेलं. "सर, माझ्यामुळे कॉम्प्युटर बिघडला," म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते.

गंमत बघा, याच मुलानं घटक चाचणीत सगळे शॉर्टकट बरोबर लिहिले होते. मीच वीस शॉर्टकटची यादी फळ्यावर लिहून पाठ करायला लावली होती. म्हणजे चूक त्याची नव्हती, माझी होती.

माझं स्पष्ट मत आहे, यादी पाठ करून घेणं आपण थांबवलं पाहिजे. त्याऐवजी मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लावू या: "आत्ता माझं कोण ऐकतंय?" संगणक एक, कीबोर्ड एक, पण घरात दोघं आहेत. मूळ विंडोज हा यजमान आणि आतला उबुंटू हा पाहुणा. खिडकीत क्लिक केलं की बऱ्याचदा कीबोर्ड आणि माऊस पाहुण्याच्या ताब्यात जातात. ते परत घेण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवीकडचं कंट्रोल एकदा दाबून सोडायचं. यालाच होस्ट की म्हणतात. तिचं नाव खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेलंच असतं. मॅकवर ती डावीकडची कमांड की असते, तर व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये कंट्रोल आणि अल्ट एकत्र दाबावं लागतं. पाठांतर इथेच फसतं. काही लॅपटॉपवर तर उजवं कंट्रोलच नसतं, तिथे प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दुसरी की ठरवावी लागते.

कंट्रोल, अल्ट, डिलीट हे विंडोज स्वतःसाठी राखून ठेवतं, ते पाहुण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून पाहुण्याला ते पाठवायचं तर होस्ट आणि डिलीट दाबायचं. हे कारण एकदा कळलं की मूल विसरत नाही.

आता मी असा क्रम ठेवतो. पहिल्या दिवशी फक्त आत जाणं आणि बाहेर येणं. मग होस्ट आणि एच, म्हणजे पाहुण्याला 'बंद हो' असा रीतसर निरोप. मग होस्ट आणि एफ, म्हणजे पूर्ण स्क्रीन, आणि त्याच कींनी परत. होस्ट आणि आर मात्र सर्वात शेवटी, कारण त्यानं पाहुणा तडकाफडकी रीसेट होतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं.

प्रयोगाआधी होस्ट आणि टी दाबून स्नॅपशॉट घ्यायला लावतो. मग म्हणतो, "आता खुशाल बिघडवा रे!" काही बिघडलंच तर स्नॅपशॉटवरून पहिल्या स्थितीत परत जाता येतं.

पालकहो, "एवढं शिकून काय उपयोग?" असं तुम्ही विचाराल. पोहायला शिकवताना आपण आधी काठाला कसं यायचं ते दाखवतो ना? परतीची वाट माहीत असलेलं मूलच खोल पाण्यात जायचं धाडस करतं. संगणकाचंही तसंच आहे.