घास तोंडात फिरतो तेव्हा

खाण्यापिण्याच्या गोष्टी निघाल्या की ‘तोंडाला पाणी सुटलं’ असं आपण सहज म्हणून जातो. हे पाणी सुटेनासं झालं की जेवण किती अवघड होतं, ते घरातल्या वयस्कर माणसांना विचारावं.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, चव जिभेला कळू देते आणि दातांवरचं आम्ल धुऊन काढते. झोपेत लाळ फारच कमी होते, म्हणून कोरड रात्री जास्त जाणवते.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मध्यंतरी भाकरी सोडली. चहात बुडवलेल्या बिस्किटावर दिवस काढू लागल्या. सुनेला वाटलं, हा आपल्या स्वयंपाकाला टोमणा. काकू म्हणत, “घास नुसता तोंडात फिरतो गं, खाली उतरत नाही.” कवळीही टोचू लागली. वय झालं, असं म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिला होता.

शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या गोळ्या मागवून पाहिल्या. लघवी आवरत नाही म्हणून दिलेली एक गोळी आणि दुकानातून आणून रोज घेतली जाणारी सर्दीची दुसरी. दोन्ही तोंड सुकवणाऱ्या! सर्दीची बंद झाली, दुसरी डॉक्टरांनी बदलून दिली. काही दिवसांत भाकरी ताटात परतली आणि सासूसुनेतला अबोलाही संपला.

नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि लघवी जास्त होण्यासाठी दिलेली औषधं यांनीही कोरड पडते. पण म्हणून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेह, तोंड उघडं ठेवून झोपणं, डोक्या-मानेला दिलेले किरणोपचार हीही कारणं असतात. तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडत असतील, सांधे दुखत असतील, तर ‘श्योग्रेन’ नावाचा आजार असू शकतो. तो बायकांमध्ये जास्त आढळतो.

घरी करण्यासारखंही बरंच आहे. पाणी एकदम तांब्याभर न पिता घोटाघोटाने प्यावं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलं प्रमाण पाळावं. भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून खावी. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळल्याने लाळ सुटते, पण कवळी असेल तर ते जपून. लिंबाची फोड किंवा गोड गोळ्या सतत चोखू नयेत, लाळ कमी असताना दात लवकर किडतात. फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा दात घासावेत, कवळी रात्री काढून ठेवावी. तंबाखू, दारू आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळावा. एवढं करूनही भागलं नाही, तर औषधांच्या दुकानात कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मिळतं.

जिभेवर पांढरे चट्टे आले, तोंडाची आग होऊ लागली किंवा वजन उतरू लागलं, तर मात्र थांबू नये.

घरातलं कुणी ‘चव लागत नाही’ म्हणालं, तर तिखट-मीठ वाढवण्याआधी ‘तोंडाला कोरड पडते का?’ एवढं विचारा. आणि दवाखान्यात जाताना, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट, औषधांची सगळी पिशवी बरोबर घ्या.