वणवा विझल्यावरचा दुष्काळ

फेब्रुवारी लागला की सह्याद्रीच्या उतारांवर रात्री आगीच्या माळा दिसू लागतात आणि दोन दिवसांनी जळालेल्या हेक्टरांचा आकडा छापून येतो. त्या आकड्यात गवत असते, झाडे असतात, कधी एखादा गोठा किंवा काजूची बाग असते. मधमाशी मात्र नसते. कारण उघड आहे. जळालेली मधपेटी पंचनाम्यात दाखवता येते. पण आगीतून शाबूत राहिलेल्या पेटीतली वसाहत महिनाभराने उडून गेली किंवा खंगत संपली, तर तिचे नाते वणव्याशी कुणी जोडत नाही. खरे तर तेच नाते आधी जोडायला हवे. वणव्याचा मधमाशीवरचा मोठा घाव ज्वाळेचा नसतो, भुकेचा असतो. आणि तो आग विझल्यावर बसायला सुरुवात होते. ही गोष्ट मान्य केली, तर वणव्याचा हिशेब हेक्टरांबरोबर फुलोऱ्यातही मांडावा लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मधमाशीला धुराची कसली भीती? मधपाळ रोजच धूर देऊन पेट्या उघडतात. मुद्दा खरा आहे, पण तो उलट्या बाजूने समजून घ्यायला हवा. पोळ्यावर संकट आले की पहारेकरी माश्या पिकल्या केळ्यासारख्या वासाचे एक रसायन सोडतात आणि त्या गंधाने बाकीच्या माश्या डंख मारायला सज्ज होतात. धुरामुळे तो गंध टिपण्याची त्यांच्या मिशांची क्षमता काही मिनिटे मंदावते. शिवाय धूर आला की माश्या मधाने पोट भरून घेतात आणि पोट भरलेली माशी सहसा आक्रमक होत नाही. मधपाळाचे काम या दोन गोष्टींवर चालते. त्याचा धूर थंड असतो, मोजका असतो आणि पेटी बंद होताच संपतो. वणव्याचा धूर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस दरीत साचून राहतो आणि त्यासोबत उष्णता येते. अंडी-अळ्यांचा पिलावा ३४-३५ अंशांवर राखण्यासाठी माश्या एरवीही पाणी आणून, पंखांनी वारा घालून झटत असतात. मेण साधारण ६३ अंशांना वितळते. म्हणजे पेटीपर्यंत ज्वाळा पोहोचली नाही, तरी नुसत्या धगीने पोळे ढासळू शकते.

हवेत पसरलेल्या धुराचा परिणाम याहून दूरवर जातो. मधमाशी सूर्याच्या दिशेवरून आणि आकाशातल्या प्रकाशाच्या विशिष्ट रचनेवरून वाट ओळखते. हवेतल्या कणांनी ती रचना पुसट केली की तिची फेरी लांबते. बीजिंगमध्ये धुळीच्या वादळाच्या काळात माश्यांना सूक्ष्म खुणपट्ट्या लावून नोंदी घेतल्या, तेव्हा चारा आणण्याच्या फेरीचा सरासरी वेळ ७१ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या अभ्यासात शहराच्या मध्यम आणि जास्त प्रदूषित भागांतून पकडलेल्या आग्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या चोवीस तासांत मेल्या. हे दोन्ही अभ्यास धुळीचे आणि शहरी प्रदूषणाचे आहेत, वणव्याचे नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे जसेच्या तसे सह्याद्रीला लावणे चुकीचे ठरेल. मात्र हवेतल्या कणांचा भार माशीच्या उड्डाणाला आणि आयुष्याला महाग पडतो, एवढे त्यांवरून नक्की कळते. ज्या दिवसांत मकरंद सर्वांत जास्त असतो, त्याच दिवसांत फेऱ्या लांबल्या, तर पोळ्यात साठणारा मध घटणारच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निसर्गात आग नवी नाही आणि माश्या तिच्यातून वाचतात, असे सांगितले जाते. २०१९च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे छप्पर जळाले, तेव्हा खालच्या एका छतावर ठेवलेल्या तीन पेट्यांतल्या माश्या जिवंत सापडल्या, ही बातमी जगभर कौतुकाने वाचली गेली. त्याहून बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. २०१५ साली केप पॉइंटच्या परिसरात मोठा वणवा लागला. तिथल्या रानमाश्यांची पोळी खडकांच्या कपारीत होती आणि कपारीचे तोंड त्यांनी झाडांच्या राळेच्या, म्हणजे प्रोपोलिसच्या भिंतीने लिंपलेले होते. या भिंतींनी आगीची धग अडवली, माश्या मध पिऊन खोल आत सरकल्या आणि वसाहती टिकल्या. पण हा दाखला आपल्याकडे आणताना जपून आणला पाहिजे. आपली सातेरी माशी प्रोपोलिस गोळा करत नाही. तिच्याकडे ही भिंतच नाही. ती जुन्या झाडांच्या ढोलीत राहते आणि वणव्यात पोकळ झाड चुलीच्या धुराड्यासारखे आतून पेटते. फुलोरी माशीचे पोळे झुडपात, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असते, म्हणजे जमिनीलगत सरकणाऱ्या आगीच्या थेट तोंडी. आग्या उंच फांदीला किंवा कड्याला लटकते, पण तिचे एकमेव पोळे उघडे असते. माश्या उडून गेल्या तरी पिलावा मागेच राहतो.

आणि समजा, माश्या वाचल्या. पुढे काय? ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर १८८५पासून लिग्युरियन मधमाशीसाठी कायद्याने राखलेले अभयक्षेत्र आहे. २०१९-२०च्या उन्हाळ्यात जवळपास निम्मे बेट जळाले. ज्या पेट्या वाचल्या, त्यांच्याभोवती फूल उरले नव्हते आणि वसाहती साखरेच्या पाकावर जगवाव्या लागल्या. ग्रीसच्या एव्हिया बेटावर २०२१च्या ऑगस्टमध्ये पाइनची जंगले जळाली. तिथला मध फुलांचा नसतो, पाइनच्या खोडावर जगणाऱ्या एका किड्याच्या गोड स्रावाचा असतो. अनेकांनी पेट्या वेळेत हलवल्या, तरीही त्यांचा धंदा बसला, कारण पेटी उचलता येते, जंगल उचलता येत नाही. आता हेच आपल्या डोंगरावर बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलतात, त्यामागून जांभूळ आणि हिरडा. महाबळेश्वर परिसरातल्या मधाचे मुख्य दिवस हेच आणि वणव्याचे दिवसही हेच. सातेरी चाऱ्यासाठी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आतच फिरते. एक उतार जळाला, तर तिचे सगळे जगच जळाले. अशा वेळी ती पेटी सोडून उडून जाते किंवा राणीची अंडी कमी होत वसाहत पावसाळ्यापर्यंत क्षीण होते. जून ते सप्टेंबर या काळात डोंगरात तशीही उपासमार असते. उन्हाळ्यात साठा झाला नाही, तर वसाहत ती पार करू शकत नाही.

आग लागल्याने जंगल मोकळे होते, नवी फुले येतात, माश्यांची विविधता वाढते, असेही संशोधक सांगतात. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीतल्या अभ्यासात असे दिसले आहे. पण तिथे फायदा दिसला तो वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तीव्रतेने जळालेल्या तुकड्यांच्या सरमिसळीत. आपल्याकडचे कित्येक डोंगर जवळजवळ दरवर्षी पेटतात, तेही मुख्यतः माणसाच्या हातून. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर जांभळाचे किंवा हिरड्याचे रोप झाड होईपर्यंत टिकत नाही. उरते ते गवत आणि गवत पुन्हा पुढच्या वणव्याचे सरपण होते.

मग हा दोष आग लावणाऱ्या गावकऱ्याच्या माथी मारायचा का? तसे करणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही आणि उपयोगाचेही नाही. राब भाजल्याशिवाय भाताचे रोप जोमदार येत नाही, असा कोकणातल्या शेतकऱ्याचा पिढ्यांचा अनुभव आहे. जाळल्यावर गवत चांगले फुटते, ही गुराख्याची समजूत आहे. मोहाची फुले वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. १९२७च्या वन कायद्याच्या २६व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले, त्याला शतक होत आले, तरी डोंगर पेटतातच. बंदीने जे साधले नाही, ते हितसंबंधाने साधण्याची शक्यता जास्त. सातारा जिल्ह्यातले मांघर २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. ज्या घराचे उत्पन्न जांभळाच्या फुलोऱ्यावर आहे, ते घर बांधावरची ठिणगी डोंगरात जाऊ देणार नाही. राब भाजायचा झाला तरी वारा पडल्यावर, चार माणसे उभी करून भाजेल. मध काढण्याची रीतही बदलता येते. पेटत्या चुडीने आग्या मोहोळ जाळून मध काढणारा त्या वसाहतीबरोबर कधी कधी अख्खा डोंगरही जाळतो. वर्धा परिसरात अंगभर पोशाख घालून, पिलाव्याला धक्का न लावता पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापण्याची पद्धत शिकवली गेली आहे. ती पसरली, तर मध मिळेल आणि मोहोळही राहील.

म्हणून मागणी मोठी नाही. मधाची गावे आणि पेट्यांच्या जागा यांच्याभोवतीच्या जाळरेषा फेब्रुवारीच्या आधी काढून व्हाव्यात. आग लागल्याची उपग्रहावरून येणारी सूचना वनरक्षकाबरोबर मधपाळापर्यंतही पोहोचावी, म्हणजे पेट्या हलवायला एक रात्र तरी मिळेल. जळालेल्या भागातल्या वसाहतींना पावसाळा पार करेपर्यंत साखर मिळावी. गुरांसाठी चारा छावणी उघडणाऱ्या राज्याला ही कल्पना परकी वाटू नये. एवढ्याशा माशीसाठी इतका खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. पायथ्याचा सूर्यफुलाचा मळा आणि कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट याच माशीच्या फेऱ्यांवर उभा असतो. त्या फेऱ्यांची मजुरी आपण कधी दिलेली नाही. निदान नुकसान तरी नोंदवू. वणव्याच्या पंचनाम्यात एक रकाना वाढवावा: जळाले तेव्हा या उतारावर काय फुलले होते? तो रकाना भरायला तलाठ्याला पाच मिनिटे लागतील. तो दोन-तीन वर्षे भरला गेला, तर पावसाळ्यात रिकाम्या झालेल्या पेट्यांचे कारण शोधायला फार लांब जावे लागणार नाही.